मुलगी सभांना जाऊ लागलीय, तिला थांबवू का?

ताई,

तुमची मुलगी 16 वर्षांची. वर्षभरापूर्वी बातम्या लागल्या की उठून जायची, आता एका संघटनेच्या सभांना जाते, रात्री बसून फलक रंगवते. 'आधी परीक्षा, राजकारण या घरात नको,' असं तिच्या बाबांनी ठणकावल्यापासून घरात अबोला आहे. तिला थांबवायचं की जाऊ द्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

थांबवू नका. पण तिला एकटीलाही सोडू नका.

संघटना कोणती, कोणाच्या ओळखीने गेली, यायला किती उशीर होतो, हे सगळं तुम्ही लिहिलंत. तिला नेमकं काय खुपलं, ते मात्र पत्रात कुठेच नाही. आधी ते विचारा. या वयात सहसा कोणी जाहीरनामा वाचून राजकारणाकडे वळत नाही. वर्गात कोणाचा तरी अपमान झालेला असतो, बस बंद झालेली असते, आणि 'हे ठरवलं कोणी?' असा प्रश्न डोक्यातून जात नाही.

बार्बरा जॉन्स अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची, 1951 मध्ये तीही 16 वर्षांचीच होती. कृष्णवर्णीयांसाठीच्या तिच्या शाळेत जागा पुरत नव्हती, डांबरी कागद लावलेल्या शेडमध्ये वर्ग भरायचे. तिने मुलांना गोळा करून संप केला. मागणी होती धड इमारतीची. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे शाळांमधली वांशिक विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या निकालाचा भाग झाला. पण तिच्या जिवाच्या काळजीने घरच्यांना तिला दूर काकांकडे पाठवावं लागलं, हेही खरं. म्हणून तुमची भीती मी उडवून लावणार नाही.

मला स्वतःला धोका वाटतो तो मोठ्या माणसांचा. त्यांना कधीकधी मुलं हवी असतात ती फक्त गर्दीला आणि फोटोला. तेव्हा तिला शांतपणे विचारा: तुला काम काय देतात? निर्णय होतात तेव्हा तू तिथे असतेस का? एखादी गोष्ट पटली नाही म्हणालीस, तर काय होतं? तिच्या नावाने, तिच्या खात्यावरून कोणी मजकूर टाकायला लावत असेल, तर तो पुढे वर्षानुवर्षं तिच्या नावावर राहील, हेही सांगा. आणि 'घरी सांगू नकोस' असं तिला कोणीही, एकदाही म्हटलं असेल, तर त्याच दिवशी तिचं तिथे जाणं बंद करा. यात माझं मन जराही डळमळत नाही.

अभ्यासाचं वेळापत्रक तिलाच आखू द्या, आणि तिने ते पाळावं असा आग्रह धरा.

बाबांशी तुम्हालाच बोलावं लागेल. तिचं वय नाही, असं ते म्हणत असतील, तर ऑस्ट्रियात 2007 पासून 16 व्या वर्षी मतदान करता येतं, हे त्यांना सांगा. त्यांचं मत वेगळं असेल तर त्यांनी ते कारणांसकट तिच्यासमोर मांडावं आणि तिचंही पूर्ण ऐकून घ्यावं. घरात वाद घालायला जागाच नसेल, तर जिथे तिचं ऐकलं जातं तिथेच ती जाणार. मग तिथली माणसं कशी आहेत, हे तुम्हाला कधी कळायचंही नाही.

पुढच्या सभेला तिला विचारून तुम्हीच बरोबर जा. मागे बसा, कोण बोलतं, मुलांना कोण बोलू देतं, ते पाहा. परतताना तिने विचारलं, तरच आपलं मत सांगा.