पायाची बायपास पुन्हा बंद पडली, तर दुसऱ्यांदा करता येते का?

येते. पण पहिल्यापेक्षा अवघड असते. (बायपास म्हणजे पायाच्या बंद रक्तवाहिनीला वळसा घालून शीर किंवा नळी जोडून रक्ताला नवी वाट करून देणं.) जुन्या जागी व्रण झालेले असतात, रक्तवाहिनी सोडवायलाच वेळ जातो आणि मुख्य अडचण म्हणजे जोडायला चांगली शीर उरलेली नसते. त्याच पायाची शीर वापरून झाली असेल तर दुसऱ्या पायाची किंवा हाताची घेतात. कृत्रिम नळी हाही पर्याय आहे, मात्र गुडघ्याखाली ती शिरेइतकी टिकत नाही.

आधी विचारा, बंद कधी पडली? पहिल्या महिनाभरात असेल तर बहुधा जोडणीत किंवा शिरेतच दोष. त्यानंतर साधारण दोन वर्षांपर्यंत जोडाच्या जागी आतलं अस्तर जाड होऊन वाट अरुंद होते. त्याहून उशिरा असेल तर मूळ आजारच (रक्तवाहिन्या आतून अरुंद होण्याचा) पुढे सरकलेला असतो. उपाय यावर ठरतो. कधी नुसत्या फुग्याने (अँजिओप्लास्टी) किंवा गुठळी विरघळवून भागतं.

फक्त चालताना पोटरी दुखत असेल तर मी घाई करणार नाही. रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटतंय, बोटाची जखम भरत नाहीये, तर मात्र थांबू नका. आणि पाय अचानक थंड, पांढरा, बधिर झाला तर त्याच क्षणी इमर्जन्सीत जा, तिथे तास मोजले जातात.

तंबाखू चालूच असेल तर दुसरी बायपासही त्याच वाटेने जाते. आणि जोडायला कुठली शीर चालेल हे कळावं म्हणून डॉक्टरांना शिरांची डॉप्लर (सोनोग्राफीसारखी तपासणी) मोजणी आधी करायला सांगा.