मायक्रॉनला हलकं घेऊ नकोस

वागळे इस्टेटमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, नवीन लागलायस, तर आधी एक गोष्ट पक्की कर. ड्रॉइंगवर शेपटीवाला 'यू' दिसतो ना, तो यू नाही. ते ग्रीक अक्षर म्यू, म्हणजे मायक्रो. ग्रीकमध्ये 'मिक्रोस' म्हणजे लहान, त्यावरून आलेला शब्द. मापात त्याचा अर्थ दहा लाखावा भाग. मिली मात्र लॅटिन 'मिले'वरून, म्हणजे हजार. तो हजारावा भाग. म्हणून १ मिलिमीटरमध्ये १००० मायक्रोमीटर. आपण शॉपमध्ये मायक्रॉन म्हणतो तो हाच. १९६७ साली ते नाव अधिकृत मापांतून काढलं, पण कामगारांच्या तोंडून काही गेलं नाही.

मी नवा असताना २० मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.०२ ऐवजी ०.२ मिलिमीटर धरला. अख्खा लॉट भंगारात गेला. त्या संध्याकाळी ठाणे स्टेशनपर्यंत चालतच गेलो, रिक्षा करायचंही सुचलं नाही.

माप घ्यायच्या उपकरणालाही मायक्रोमीटरच म्हणतात. साध्या मायक्रोमीटरच्या थिंबलवरची, म्हणजे फिरणाऱ्या नळीवरची, एक रेघ ०.०१ मिलिमीटरची, म्हणजे १० मायक्रॉन. रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक जोरानंतर घसरणाऱ्या टोकाच्या खटक्यानेच, आवळ, हाताचा जोर लावू नकोस. आणि गरम जॉबचं, म्हणजे मशीनवर बनवलेल्या तुकड्याचं, माप कधीच घेऊ नकोस. १०० मिलिमीटरचं स्टील १० अंशांनी तापलं तरी साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं.