हार्बर बोरिवलीपर्यंत गेली तरी वडाळ्याच्या पुढे रूळ तेवढेच

प्रश्न असा आहे की मुंबई लोकलची हार्बर लाईन गोरेगावपासून पुढे बोरिवलीपर्यंत झाली की कांदिवलीहून रे रोडला एका गाडीत जाता येईल का, त्याने गाड्या वाढतील का, आणि ही लाईन इतकी वर्षं मागे का पडली. मी पंचवीसेक वर्षं याच लाईनीवर लोंबकळतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी शेवटच्या प्रश्नाचं, कारण बाकीचं त्यातच आहे. हार्बर मुळात ऑफिसला जाणाऱ्यांसाठी बांधलीच नव्हती हो. नावातच बंदर आहे. कुर्ला ते रे रोड १९१० साली सुरू झाली ती गोदीच्या आधाराने, आणि कुर्ला-चेंबूरचा फाटा त्याच्याही आधीचा, १९०६ चा, तो शहराचा कचरा देवनारकडे न्यायला. माणसं त्यात बसायला लागली १९२४ ला. आमचे आजोबा चेंबूरचे, ते शेवटपर्यंत कचरागाडीच म्हणायचे आणि आम्हाला वाटायचं शिवी देतायत.

पण मान पण हिलाच मिळालाय. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीहून, कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. त्यासाठी डॉकयार्ड रोड ते सँडहर्स्ट रोड रूळ उचलून वर नेले, म्हणून सँडहर्स्ट रोडला आजही खाली मेन, म्हणजे मध्य रेल्वेची कल्याणकडची मुख्य लाईन, आणि वरच्या मजल्यावर हार्बर. तिथून गाडी जाते तेव्हा बाजूच्या चाळीतली गॅलरी इतकी जवळ येते की कोणाकडे कुठला डबा भरतायत ते दिसतं. आता मला सांगा, तिथे तिसरा-चौथा रूळ टाकणार कुठे? मेनला स्लो-फास्ट वेगळे आहेत, वेस्टर्नला आहेत, हार्बरला जाण्यायेण्याचे दोनच रूळ, त्यामुळे पनवेलची गाडी सगळीकडे थांबत थांबत साधारण ४९ किलोमीटरला एक तास वीस मिनिटं घेते. फास्ट नाहीच.

खाडीपलीकडे ती गेली १९९२ ला, मानखुर्द ते वाशी, आणि पनवेलला पोचली १९९८ ला. ते पैसे एकट्या रेल्वेने घातले नाहीत, दोन तृतीयांश नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने, म्हणून वाशी-बेलापूरची स्टेशनं एवढी ऐसपैस आणि वर ऑफिसं, आणि म्हणूनच तिकिटावर सिडकोचा अधिभार असायचा. शहर वसायच्या आधी लाईन टाकली असं मुंबईत फार कमी वेळा झालंय, याचं श्रेय द्यायलाच हवं. मी पहिल्यांदा वाशीच्या पुलावरून गेलो तेव्हा अख्खा डबा दारात आला होता खाडी बघायला, आता त्याच पुलावर लोक निर्माल्याची पिशवी भिरकावतात आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालतात.

आता वाढीचं. लाईनीचा नकाशा डोळ्यासमोर आणा, इंग्रजी वाय उलटा धरल्यासारखा नाही, सरळ वाय. वर दोन फांद्या, एक पनवेलची, दुसरी किंग्ज सर्कल-माहीम करत गोरेगावची. दोन्ही वडाळ्याला एकत्र येतात आणि तिथून सीएसएमटीपर्यंत एकच खोड, तेच दोन रूळ. म्हणजे पनवेलच्या प्रत्येक गाडीच्या मागे गोरेगावची गाडी, परत पनवेलची, असं एकाच नळातून पाणी सोडायचंय. फांदी बोरिवलीपर्यंत लांबवा नाहीतर डहाणूपर्यंत, खोडातून गाड्या जातील तेवढ्याच. अंधेरीपर्यंतची फांदी २०१८ ला गोरेगावपर्यंत वाढवली तेव्हा मालाडची मंडळी गोरेगावला येऊन चढायला लागली, पण वडाळ्याच्या पुढे गर्दी काही हटली नाही. २०१६ ला नवाचे बारा डबे झाले आणि त्याच वर्षी डीसी जाऊन २५ हजार व्होल्टचा एसी करंट आला, तो खरा दिलासा होता, पण ती युक्ती पुन्हा पुन्हा करता येत नाही, मस्जिदला फलाट लांबवायला जागा आहे का बघून या.

पनवेल-कर्जत या नव्या लाईनीबद्दलही लोक फार हुरळून जातात. २९.६ किलोमीटर, मध्ये चिखले, मोहोपे, चौक, आणि वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. सीएसएमटी-कर्जत कल्याणमार्गे १०० किलोमीटर आणि इकडून ७८-७९, हिशोब छान दिसतो, पण पनवेलपर्यंतच ऐंशी मिनिटं गेल्यावर वाचलं काय? कर्जतच्या माणसाला बेलापूर-वाशीला नोकरी असेल तर मात्र सोनं आहे, कल्याण-ठाण्याचा वळसा सुटेल. मुंबईत यायला मी तरी कल्याणचीच फास्ट धरेन.

खरा उपाय म्हणजे खोड रुंद करणं किंवा दोन गाड्यांमधलं अंतर कमी करणारी सिग्नल यंत्रणा. सीएसएमटी-पनवेल उन्नत फास्ट मार्गाचं ऐकत ऐकत माझे केस पिकले. आणि कुर्ल्याला हार्बरचे फलाट वर उचलायचं जे काम आहे ना, ते हार्बरसाठी नाहीच, खाली मेनच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला जागा हवी म्हणून. पण तिथेही हार्बरच हलणार!

तर तुमचं उत्तर. कांदिवलीहून थेट रे रोड, हो, मिळेल, दादर किंवा अंधेरीची धक्काबुक्की वाचेल, वेळ फारसा वाचणार नाही कारण गाडी स्लोच. गाड्या वाढतील या आशेवर घर घेऊ नका. आणि आज गोरेगावहून खिडकी पकडून बसणाऱ्या आमच्या मित्रांना आत्ताच सांगून ठेवतो, उद्या बोरिवलीचे लोक बसून येतील, मग तुम्हाला रिटर्न मारायला, म्हणजे सीट मिळवायला गाडी सुटते तिथे आधी जाऊन त्याच गाडीने परत यायला, उलटं बोरिवलीला जावं लागेल.