वाचकांचे प्रश्न : ‘स्क्वाड्रन सुप्रीम’ अर्धवट सोडावी का?

प्रश्न : ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ वाचून झाल्यावर एका मित्राने त्याच काळातील मार्व्हल कंपनीची ‘स्क्वाड्रन सुप्रीम’ ही महानायकांची कॉमिक मालिका हाती दिली. बारापैकी तीन अंक वाचले. चित्रे जुन्या वळणाची, पात्रे दुसऱ्या कंपनीच्या नायकांची उघड नक्कल, आणि संवाद तर संपता संपत नाहीत. ही मालिका विस्मरणात गेली यात तिच्यावर काही अन्याय झाला, असे मला वाटत नाही. उरलेले नऊ अंक वाचण्यासारखे आहेत का? शिवाय लेखकाची रक्षा पुस्तकाच्या शाईत मिसळली होती असे ऐकले. ते खरे की दंतकथा?

उत्तर : तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांपैकी एकही मी खोडून काढणार नाही. तरीही नेमक्या चुकीच्या जागी तुम्ही थांबला आहात, कारण मालिकेला खरा दंश चौथ्या अंकापासून आहे.

नक्कल मुद्दामच केलेली आहे. मार्व्हलचे लेखक रॉय थॉमस यांनी १९६९ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या जस्टिस लीग या नायकसंघावर बेतलेली खलनायकांची टोळी आणली आणि १९७१ मध्ये दुसऱ्या एका पृथ्वीवरचे तिचे सज्जन रूप, म्हणजेच ‘स्क्वाड्रन सुप्रीम’ हा संघ, दाखवले. हायपेरियन म्हणजे सुपरमॅन, नाइटहॉक म्हणजे बॅटमॅन, पॉवर प्रिन्सेस म्हणजे वंडर वुमन, हे वाचकाने ओळखावे अशीच अपेक्षा होती. लहानपणापासून जस्टिस लीगचे चाहते असलेले या मालिकेचे लेखक मार्क ग्रुएनवाल्ड यांनी सप्टेंबर १९८५ ते ऑगस्ट १९८६ या बारा अंकांत या गमतीच्या पात्रांना एक अतिशय गंभीर प्रश्न विचारला : इतके सामर्थ्य असताना तुम्ही नुसते चोर काय पकडत बसता? ओव्हरमाइंड नावाच्या शत्रूने या नायकांच्या मनांचा ताबा घेऊन त्यांच्याच हातून जग उद्ध्वस्त करवलेले असल्यामुळे त्यांच्या उत्तरात अपराधभावही मिसळलेला आहे. युद्ध, गुन्हेगारी, भूक आणि रोग संपवण्यासाठी ते अमेरिकेचा कारभार हाती घेतात. या निर्णयाला विरोध करणारा नाइटहॉक आर्गोनाइट या हायपेरियनला घातक असलेल्या पदार्थाची गोळी घेऊन हायपेरियनला मारायला येतो आणि ती न झाडताच परत जातो, हे तुम्ही पहिल्याच अंकात वाचले असेल.

चौथ्या अंकाचे नाव आहे ‘आर्चर्स एरर’. गुन्हेगारांचे मन बदलण्यासाठी संघाचा शास्त्रज्ञ टॉम थम्बने एक यंत्र तयार केले आहे. संघातला गोल्डन आर्चर ते आपली सहकारी लेडी लार्कवर वापरतो, कारण तिने त्याला नकार दिलेला असतो. यंत्र चोख काम करते. ती त्याच्यावर प्रेम करू लागते, आणि ते प्रेम इतके चिकट असते की काही काळाने त्यालाच गुदमरल्यासारखे होते. जे यंत्र तुरुंगात चालते ते घरात का चालू नये, याचे उत्तर संघातल्या कोणाकडेच नसते. पुढे याच यंत्रातून संघाशी एकनिष्ठ झालेली एप एक्स ही बुद्धिमान वानरी एका सहकाऱ्याची फितुरी ओळखते. ते सांगितले तर सहकाऱ्याचा विश्वासघात, न सांगितले तर संघाचा. या पेचात तिचे मनच बंद पडते. कोणताही खलनायक न आणता, केवळ एका नियमाचा धागा शेवटपर्यंत ओढून ग्रुएनवाल्ड हा प्रसंग घडवतात, आणि मालिकेतला मला सर्वांत भयंकर वाटणारा प्रसंग हाच आहे. (वानरीच्या या कथेने गलबलून येईल असे मलाही आधी वाटले नव्हते.) टॉम थम्बच्या कर्करोगाच्या कथेविषयी मात्र येथे काही सांगत नाही, ती तुम्हीच वाचावी.

लांबलचक संवादांचे कारणही येथेच सापडते. ही माणसे सतत सभा घेतात, मतदान करतात, एकमेकांना समजावतात, कारण आपण चुकत आहोत असे त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटतच नाही. ‘वॉचमेन’मध्ये नायकांकडे संशयाने पाहिले आहे, येथे लेखकाचे त्यांच्यावर मनापासून प्रेम आहे आणि तरीही तो त्यांना सोडत नाही. हे मला अधिक अवघड काम वाटते. चित्रांची बाजू मात्र मी घेणार नाही. बॉब हॉल आणि पॉल रायन यांनी बहुतेक अंक नीटनेटके काढले आहेत, मध्येच जॉन ब्युसेमा येतात, पण पानांची मांडणी त्या काळच्या कोणत्याही मासिक अंकासारखीच आहे.

विस्मरणाचे मोठे कारण माझ्या मते याच दिसण्यात आणि वेळेत आहे. मालिकेचा शेवटचा अंक ऑगस्ट १९८६ चा आणि ‘वॉचमेन’चा पहिला सप्टेंबर १९८६ चा, ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ही त्याच वर्षीची. त्या दोन्ही पहिल्या पानापासूनच वेगळ्या दिसत होत्या, तर ‘स्क्वाड्रन सुप्रीम’चे वेगळेपण कळायला चार महिने लागत होते.

तेव्हा चौथा अंक वाचा. तोही आवडला नाही, तर मालिका निःसंकोच मित्राला परत करा.

रक्षेची गोष्ट खरी आहे. ग्रुएनवाल्ड १९९६ मध्ये हृदयविकाराने, अवघ्या ४३ व्या वर्षी वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा १९९७ मध्ये निघालेल्या या मालिकेच्या संग्रहाच्या शाईत मिसळण्यात आली. तुमच्या हातात सुटे अंक किंवा नंतरची आवृत्ती असेल तर तिची शाई साधीच आहे. रक्षा होती ती संग्रहाच्या पहिल्या छपाईत.