काटेरी लगाम आणि सारंगखेड्याची तयारी

प्रश्न : आमची मारवाडी घोडी चार वर्षांची आहे. येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तिला रेवाल चालीच्या स्पर्धेत उतरवायचे आहे. लगाम लावला की ती मान झटकते, म्हणून चाल शिकवणाऱ्यांनी काटेरी लगाम सुचवला आहे. तो वापरावा काय? हरभरा किती वाढवावा?
— एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : काटेरी लगाम मुळीच वापरू नये. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी माझे उत्तर हेच असते, कारण त्याने चालच बिघडते. तोंडात टोचले की घोडी जबडा उघडून मान वर फेकते, पाठ खाली दबते आणि मागचे पाय पोटाखाली येईनासे होतात. रेवाल चालीत एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ जोडीने पडून स्वाराला धक्का जाणवत नाही, ते मोकळ्या पाठीशिवाय साधत नाही.

मान झटकण्याचे कारण आधी तोंडात शोधावे. या वयात दुधाचे दात अजून पडत असतात, दाढांच्या धारदार कडा गालाला कापतात, आणि लगाम बसतो तेथे कधीकधी एक लहानसा दात उगवलेला असतो. पशुवैद्यांकडून तपासणी करून गरजेप्रमाणे दाढा घासून घ्याव्यात. त्यानंतर साधा, गुळगुळीत, सांध्याचा लगाम लावून काही आठवडे लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवावे. ओठ ओलसर होऊन तिने जबडा सैल सोडला आणि एक कान तुमच्याकडे वळवला, की त्याच क्षणी दोरी ढिली करावी. एवढे बक्षीस तिला पुरते. घोड्याच्या पाठीचे मणके पक्के होण्यास साडेपाच-सहा वर्षे लागतात, तेव्हा स्वार हलका असावा आणि फेऱ्या थोड्या. ढोल-ताशांची सवय दुरून लावावी, तसेच गाडी उभी असताना तिच्यात चारा देऊन चढण्याची भीती मोडावी. दिवाळीपर्यंत मान स्थिरावली नाही, तर यंदा तिला यात्रेत फक्त हिंडवून आणावे, स्पर्धेत उतरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

हरभऱ्याने चाल सुधारत नाही. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे अचानक वाढवलेला खुराक पोटशूळ आणतो, आणि जास्त दाण्याने खुरांनाही सूज येते. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज किमान पाच किलो सुका चारा आधी मिळावा. दाणा मेहनतीच्या प्रमाणात, आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा.

निघण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस राहिली असल्यास तीही टोचावी. यात्रेत पाणी पाजण्यासाठी स्वतःची बादली न्यावी, सामाईक हौदाला घोडीचे तोंड लागू देऊ नये.