लिव्हिंग विल : कागद करताना कुठे चुकतं?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 74) मोटर न्यूरॉनचा आजार (स्नायूंची ताकद हळूहळू जाते तो) आहे. बोलणं अजून स्पष्ट आहे. ‘मला नळ्या लावून पडून ठेवू नका’, हे त्यांचं रोजचं सांगणं. परदेशासारखं इच्छामरण आपल्याकडे मिळतं का? आणि लिव्हिंग विल (स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) केलं तर उद्या कुणी त्याचा गैरफायदा घेईल, अशी आईला धास्ती वाटते. – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : औषध देऊन मृत्यू घडवणं भारतात गुन्हाच आहे, रुग्णाने कितीही विनवलं तरी. नेदरलँड्स, बेल्जियमने 2002 साली आणि कॅनडाने 2016 साली ते कायदेशीर केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला मोकळीक दिली ती निष्फळ ठरलेले उपचार थांबवण्याची किंवा सुरूच न करण्याची. वडिलांना हवंय ते यात बसतं.

हातातली ताकद जाण्याआधी कागद करून घ्या. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आधी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, तिथेच लोक अडकायचे. जानेवारी 2023 मध्ये ती अट गेली. साक्षीदार मालमत्तेत वाटा नसलेले निवडा. वडिलांच्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक जवळच्यांची नावं घाला. एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे द्या.

खरी गडबड मजकुरात होते. ‘मशीनवर ठेवू नका’ एवढंच लिहून भागत नाही. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस घरी परतू शकतो, मग तेव्हाही नको का? मजकूर संदिग्ध असेल तर डॉक्टरांचं मंडळ तो अमलात आणत नाही. म्हणून व्हेंटिलेटर, घशाला छिद्र, पोटातली नळी, हृदय थांबल्यावर छाती दाबणं, प्रत्येकाबद्दल वेगळं लिहा. धाप आणि वेदना कमी करणारी औषधं, गरज पडल्यास मॉर्फिन, शेवटपर्यंत द्यावीत, हेही लिहा. ही ओळ बहुतेक जण विसरतात.

आता आईंच्या धास्तीबद्दल. कागद असला तरी उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. उपचार करणारे डॉक्टर आणि 5 वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन वेगळे तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो 48-48 तासांत मत द्यायचं, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागता येते.

तरीही आईंची शंका रास्त आहे. मंडळ आजार तपासतं. घरातला दबाव त्याला दिसेलच असं नाही. कॅनडाने 2021 मध्ये, मृत्यू जवळ नसलेल्यांनाही इच्छामरणाची मुभा दिली, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी हेच विचारलं : सेवा, आधार मिळत नाही म्हणून माणूस मरण मागत असेल तर? आमच्या मते वडिलांना आधी वेदनाशामक उपचारांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘नळ्या नको’ म्हणण्यामागे भीती किती आणि इच्छा किती, हे त्यांच्याशी निवांत बोलल्यावर कळतं.

वडील स्वतः निर्णय सांगू शकतात तोवर त्यांचाच शब्द चालतो, कागद नाही. मन बदललं तर लेखी देऊन तो केव्हाही रद्द करता येतो. आणि मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये नको. रात्री 2 वाजता आयसीयूच्या दारात ती हातात हवी.