कमी वजनाच्या बाळाला छातीशी धरताना

अगं, तुझ्या बाळाचं वजन १,७०० ग्रॅमच आहे हे ऐकून खचू नकोस. माझी लेक याहूनही लहान होती, हात लावायची भीती वाटायची. नर्सताईंनी तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि तिचे गार पडलेले तळवे हळूहळू ऊबदार झाले. तो क्षण मी कधीच विसरणार नाही.

बाळाला असं उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ही पद्धत म्हणजे कांगारू मदर केअर. इनक्युबेटर, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या, अपुरे पडत होते म्हणून १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली.

बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं धर, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, हनुवटी किंचित वर. मान पुढे झुकली तर श्वास अडतो, त्यामुळे तिथे सतत लक्ष ठेव. वरून सुती ओढणी नीट बांध. एका बैठकीला निदान तासभर तरी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. ऊब टिकते, जंतुसंसर्गाचा धोका घटतो, दूधही चांगलं उतरतं.

थकलीस की बाबाच्या छातीवर दे, त्यालाही जमतं. ‘सवय लागेल’ असं घरचे म्हणतील. लागू दे! अत्तर, पावडर मात्र लावू नकोस.